हुमल्यांची वाट

गंगा राऊळचं काम माझ्यामुळे गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणाच्या कितीही गोष्टी केल्या तरी तुम्ही मला डोक्यावर घेणार नाही. मी शेवंती गावस, सर्वणची. झाडांच्या विषाणूंवर काम करते, आणि माझ्या कामात मी चांगली आहे. आमचे साहेब दक्षिणेतल्या एका संस्थेत बसून निबंध लिहितात, पण गोव्यातलं पान बघून रोग ओळखायचा असला की त्यांचा पहिला फोन मलाच येतो. तर अशा या हुशार बाईने भर सभेत तोंड उघडलं, आणि दुसऱ्या बाईच्या हातातली कोयती गेली.

आमच्या सर्वणात पोफळीच्या सावलीत कोको आहे. वडिलांच्या पिढीने लावला. पोफळीला त्रास नाही, खालची जागा फुकट जात नाही, म्हणून कुळागराकुळागरात, म्हणजे घरोघरच्या पोफळीच्या बागांत, शिरला. गोकुळदासबाबांकडे चौसष्ट झाडं, आणि ती बघायला डिचोलीहून माणसं येत. खाणी बंद पडून दुसरं वर्ष चालू होतं. पाऊस सरला आणि त्यांच्या झाडांच्या कोवळ्या पानांत शिरांच्या कडेने लाल पट्टे दिसायला लागले. डहाळ्या मध्येच सुजल्या. फळं लांबट व्हायची, ती लिंबासारखी वाटोळी राहिली. मी एक पान उजेडाला धरलं आणि म्हटलं, विषाणू. नमुने संस्थेत पाठवले, तिथून तेच उत्तर आलं. चौसष्टातली तेवीस झाडं गेली होती.

या रोगाला औषध नाही. लागलेलं झाड तोडायचं, जाळायचं, आणि विषाणू एका झाडातून दुसऱ्यात कसा शिरतो ते शोधून त्याची वाट बंद करायची. ती वाट सापडली नाही तर आज तेवीस, उद्या अख्खं गाव. पण वाट कळल्याशिवाय एकही झाड तोडणार नाही, असं गोकुळदासबाब म्हणाले. सगळे बागायतदार देवळाच्या मंडपात जमले आणि मला एकच प्रश्न विचारला, हा येतो कसा?

मी त्याआधी सहा वर्षं मिरचीवर घालवली होती. मिरचीतला एक विषाणू हाताने जातो, सुरीने जातो, तंबाखू मळलेल्या बोटांनीसुद्धा जातो. तेच डोक्यात घेऊन मी उभी राहिले आणि म्हटलं, "एकच कोयती घेऊन झाडामागून झाड छाटून घेता, मग दुसरं काय होणार?" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी नाव घेतलं नाही. हे मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण नाव घ्यायची गरजच नव्हती, कारण सर्वणात कोको छाटणारी एकटी गंगा. माहेर दोडामार्गाकडचं, सासर इब्रामपूरचं, तिथून ती सर्वणात कामाला यायची. नवरा बाबली खनिजाच्या ट्रकवर होता, खाणी बंद झाल्यापासून घरी बसून. घर चालायचं ते गंगाच्या कोयतीवर. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे तिला विचारावं लागत नसे, आठ कुळागरांतून तिला निरोप यायचे. सभेनंतरच्या आठवड्यात एकाही घरून निरोप गेला नाही.

मी तेव्हा नकाशा काढण्यात गुंग होते. गोकुळदासबाबांना विचारलं, गंगा छाटणी कुठून सुरू करते? ते म्हणाले, "तळीकडसून. पाणी तिकडे, वाट तिकडे, आणखी कुठून करणार?" आजारी झाडंही तळीच्याच बाजूला दाट होती आणि वर जाऊ तशी विरळ. नकाशा असा जुळला की मी साहेबांना फोन करून ऐकवला. साहेब म्हणाले, छान, आता सिद्ध कर.

सिद्ध करायला मला काय धाड भरली होती? डिचोलीत आमच्या प्रकल्पाच्या भाड्याच्या खोलीमागे जाळीघर आहे. तिथे लांबच्या निरोगी बागेतल्या बियांची चाळीस रोपं केली. आजारी फांदीवर कोयती चालवायची, पात्यावर रस ओला असतानाच निरोगी रोपाला कापायचं. अशी वीस रोपं. उरलेली वीस धुतलेल्या पात्याने कापायची, तुलनेसाठी. मग रोज सकाळी चहाचा कोप हातात घेऊन पानं उलटी करून बघायची.

दोन महिने झाले. नवी पानं फुटली, सगळी हिरवीगार. एका शिरेवर लाली नाही. मी परत कापली, या वेळी जास्त खोल. चौथ्या महिन्यातही काही नाही. संस्थेत नमुने पाठवले, तिथूनही उत्तर आलं की रोपांत विषाणू नाही. मला इतका संताप आला की एक कुंडी पायाने लाथाडली, आणि मग गुपचूप तीच माती परत भरली.

"साहेब, रोपांत काहीतरी गडबड आहे," मी फोनवर म्हटलं.

"रोपांत नाही, शेवंती," ते म्हणाले. "हा विषाणू पात्याने जात नाही, एवढंच ती सांगतायत. तू ऐकून घे."

फोन ठेवला आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीसुद्धा लाऊडस्पीकरवर. त्याच दिवशी स्कूटर काढली आणि इब्रामपूरला गेले.

गंगा अंगणात बसून माडाची चुडतं विणत होती. बाबली सोप्यावर. मला बघून तो उठला आणि गंगा उठली नाही.

"गंगाबाय, मी चुकले," मी म्हटलं. वळसे घेऊन बोलायची मला सवय नाही. "कोयतीने रोग जात नाही. मी चार महिने तपासून बघितलं."

तिने चुडताचं एक पातं दुसऱ्याखाली सरकवलं. "माका ता पयल्याच दिसा म्हायत होता," ती म्हणाली. "बावीस वर्सां मी छाटतंय. माझ्या कोयतीन झाडां मराची असती तर इतक्यात सर्वणात एक झाड उरला नसता. माका कोणी विचारल्यान?"

कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबली मधे पडला. "कामाचा जाव दे, बाय," तो म्हणाला. "हय गावातली गोष्ट वायट झाली. यशोदाकाकीच्या वायंगणाक सोळा वर्सां पयली मूठ हीच लावी होती. औंदा तिका बोलवक नाय."

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. वायंगण म्हणजे हिवाळ्यातलं भात. इब्रामपुरात लावणीच्या दिवशी पहिली मूठ, म्हणजे रोपांची पहिली जुडी, कोणीही लावत नाही. जिच्या हाताला गुण आहे असं गाव मानतं ती बाई लावते, मग बाकीच्या चिखलात उतरतात. हा मान विकत मिळत नाही आणि मागून तर नाहीच नाही. गंगा परगावची सून असून तो तिला मिळाला होता. आणि आता बाया म्हणत होत्या की तिच्या हाताला रोग आहे, डिचोलीच्या शिकलेल्या बाईनेच तसं सांगितलंय.

विज्ञानातली चूक मी दुरुस्त करू शकते, त्याची रीत आहे. ही चूक कुठल्या रीतीने दुरुस्त करायची हे मला कळेना.

"मगे जा आणि सांग सगळ्यांका," गंगा म्हणाली.

"सांगते. पण नुसतं 'तिने केलं नाही' म्हटलं तर लोक विचारतील, मग कोणी केलं? खरी वाट सापडल्याशिवाय कोणी ऐकणार नाही. आणि ती मला एकटीला सापडत नाहीये."

तिने हातातलं चुडत पुरं विणलं. मग हात पुसले आणि उठली. "चल तर," ती म्हणाली. "तुझ्यासाठी येणय नाय. माझ्यासाठी येतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गोकुळदासबाबांच्या कुळागरात. बाबांनी तिला बघून तोंड वाकडं केलं, पण माझ्यासमोर काही बोलले नाहीत. मी माझा लाडका नकाशा जमिनीवर पसरला. गंगाला आकडे वाचायला येत नाहीत, पण कुठली खूण कुठलं झाड हे तिने मिनिटभरात ओळखलं. मी सांगितलं, तू तळीकडून सुरू करतेस, म्हणून रोग तिथून वर गेला असं मला वाटलं.

ती हसली. माझ्या नकाशाला इतका कमी मान कोणी दिला नव्हता. "तळीकडसून? ह्या कोणी सांगल्यान तुका? तळीकडे हुमले आसत. सकाळच्या पारी पयल्याच झाडार त्येनी चावन घेतल्यानी तर दीस कसो काढू? मी वयल्या अंगान सुरू करतंय. तळीकडची झाडां शेवटाक."

मी गोकुळदासबाबांकडे बघितलं. ते पोफळीकडे बघत होते. छाटणीच्या दिवशी ते सकाळी कुळागरात कधी फिरकतच नव्हते, हे मग कळलं. मालकाला विचारलं की काम कसं चालतं ते कळतं, असं मी धरून चालले होते. म्हणजे कोयती निरोगी झाडांकडून आजारी झाडांकडे जात होती, उलटी. रोग तिच्या कोयतीमागून गेला असता तर माझ्या त्या सुंदर नकाशात वरची झाडं आधी लागलेली दिसली असती.

"मग तळीकडेच का?" मी स्वतःशीच म्हटलं.

"हुमले," गंगा म्हणाली, आणि तिने वर बोट केलं.

हुमले म्हणजे तांबड्या मोठ्या मुंग्या, पानं चिकटवून झाडावर घर करतात. चावल्या की माणूस नाचतो. पण कोकोच्या कोवळ्या फळाला सोंड खुपसणारा किडा त्या टिकू देत नाहीत, खारीलाही फिरकू देत नाहीत. म्हणून आमच्याकडे कोणी त्यांची घरं मोडत नाही. गोकुळदासबाबांनी तर पुढचं पाऊल टाकलं होतं. हुमल्यांना जमिनीवर उतरावं लागू नये म्हणून झाडापासून झाडाला सुंभाच्या दोऱ्या बांधल्या होत्या, डोक्याच्या उंचीवर, तळीपासून सुरुवात करून दर वर्षी थोड्या पुढे. "हुमलो म्हणजे कुळागरचो पोलीस," असं ते सगळ्यांना सांगत. मला ती कल्पना इतकी आवडली होती की मी फोटो काढून एका परिषदेत दाखवला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

"त्येंच्या तोंडात बघ," गंगा म्हणाली.

मी भिंग लावलं. दोरीवरून हुमल्यांच्या दोन रांगा, एक जाणारी, एक येणारी. जाणाऱ्यांतल्या एकीच्या तोंडात पांढरं, पिठात लोळवल्यासारखं काहीतरी. थोड्या वेळाने आणखी एकीच्या. पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो, त्या गोडासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं. आजारी झाडाचा रस प्यायलेला ढेकूण मुंगीने निरोगी झाडावर नेला, की विषाणूही त्याच्यासोबत गेला.

"गुरां चराक व्हरतत, तशी व्हरतत ती," गंगा म्हणाली. "मी वर्सानुवर्सां बघतंय. माका वाटला तुमका म्हायत आसतला."

आम्ही त्याच दुपारी सगळ्या दोऱ्या नकाशावर घातल्या. तेवीस आजारी झाडांपैकी एकवीस दोरीवर. उरलेल्या दोनांतल्या एकाच्या फांद्या शेजारच्या झाडाला टेकत होत्या. दुसऱ्याचं कारण मला अजून माहीत नाही, आणि ते मला अजून छळतं.

पण नकाशा जुळला म्हणून नाचायची चूक मी एकदा केली होती. या वेळी आधी जाळीघर. गंगाला मी प्रकल्पात मदतनीस म्हणून घेतलं, साहेबांशी भांडून. आजारी पानावर पिठ्या ढेकूण दोन दिवस पोसायचे, मग ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून निरोगी रोपावर ठेवायचे. सोंड रुतलेली असताना ओढला तर तुटून मरतो, म्हणून आधी हलकेच गुदगुल्या करून तो आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. मी दहा उचलले की चार मारत असे. गंगा एकही मारत नसे. वीस रोपांवर आजारी झाडावरचे ढेकूण ठेवले, वीसांवर निरोगी झाडावरचे.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी गंगाने बाहेरून मला हाक मारली. बाहेर गेले तर ती कुंडीपाशी उकिडवी बसलेली. कोवळ्या पानाच्या शिरेला लागून बारीक लाल पट्टा. महिन्याभरात वीसातली तेरा रोपं लागली. दुसऱ्या वीसांतलं एकही नाही. नमुने संस्थेतून तेच सांगत परत आले. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या नोकरीच्या कागदाने झाला नव्हता, आणि तो मी लपवलाही नाही.

गोकुळदासबाबांना सांगणं अवघड गेलं. ते आधी माझ्यावर उसळले. "ज्या हुमल्यांनी माझं कुळागर राखलं त्यांनाच चोर ठरवतेस?" मी म्हटलं, बाबा, हुमले झाडावर राहू देत. त्यांना रस्ते बांधून देऊ नका, एवढंच. ते घरात गेले. संध्याकाळी बघते तर स्वतःच शिडी लावून दोऱ्या कापत होते, आणि कापलेली प्रत्येक दोरी नीट गुंडाळून ठेवत होते. मला त्यांची दया आली. त्याच दोऱ्यांचा फोटो दाखवून परिषदेत टाळ्या मीच घेतल्या होत्या ना.

मग पुन्हा देवळाच्या मंडपात सभा. मी उभी राहिले. "गेल्या वर्षी इथेच मी कोयतीला दोष दिला," मी म्हटलं. "ते खोटं होतं. न तपासता बोलले. गंगाबायच्या हाताने एकही झाड आजारी पडलेलं नाही. वाट सापडली ती तिच्यामुळे." मग दोऱ्या, मुंग्या, रोपं, सगळं सांगितलं. गोकुळदासबाब उठले आणि म्हणाले, "माझी तेवीस झाडं तोडायची आहेत. गंगा, तूच तोड. दुसऱ्याचा हात त्यांना लावू देणार नाही मी." सभा संपायच्या आधी आठही घरांचे निरोप तिला मिळाले होते. त्यांतलाच एक बागायतदार, मधुकर शेट, तर सोमवारीच ये म्हणाला.

मला वाटलं, झालं. स्कूटरपर्यंत जाताना मी तिला तसं म्हटलंसुद्धा.

"काम मेळला," गंगा म्हणाली. "हात मेळाक नाय. तो सर्वणात हरवलेलो नाय, इब्रामपुरात हरवलो हा. वायंगणाच्या दिसा थय ये."

पौषातल्या एका सकाळी मी इब्रामपूरला शेताच्या बांधावर उभी होते. स्कूटरवर मागे क्रेट बांधून दोन कुंड्या आणल्या होत्या, एक आजारी, एक निरोगी. भिंग, फोटो, डबीत जिवंत पिठ्या ढेकूण. नांगरलेल्या चिखलात पाणी साचलेलं, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या बांधावर मांडलेल्या. आठ-दहा बाया आणि मधोमध यशोदाकाकी, शेताची मालकीण, सत्तरीची, कमरेत वाकलेली, नजर मात्र सरळ. गंगा सगळ्यांच्या मागे उभी होती.

मी बोलायला लागले. विषाणू म्हणजे काय, तो एकट्याने चालू शकत नाही, त्याला कोणीतरी उचलून न्यावं लागतं. डबी हातोहात फिरवली. बायांनी भिंगातून बघितलं, एकमेकींना कोपरं मारली. मी रोपांचा हिशेब सांगितला, वीसात तेरा, वीसात शून्य. परत सांगितला. एकीने विचारलं, मग कोयतीक काय झाला? मी कोयतीची चाळीस रोपं सांगितली. ऊन वर आलं. बाया ऐकत होत्या, माना डोलवत होत्या, पण जुडीला कोणी हात लावत नव्हतं. माझा घसा बसला.

शेवटी यशोदाकाकीने हात वर केला. "माका एक सांग, बाय. ह्यो तुझो रोग भाताक लागता?"

"नाही," मी म्हटलं. "भाताला तो कधीच लागत नाही. लागूच शकत नाही."

"म्हणजे तिच्या हाताक रोग असतो, तरी आमच्या भाताक काय झाला नसता?"

"काहीच नाही."

काकी आपल्या पायांकडे बघत राहिली. बायांतली एक दुसरीकडे बघेना. "मगे गेल्या वर्सा आमी तिका भायर कित्याक ठेवली?" काकीने विचारलं. ते तिने मला विचारलं नव्हतं, पण उत्तर माझ्याकडेच होतं.

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी बोलले म्हणून."

"तू बोललंस. ऐकला आमी," काकी म्हणाली. तिने वाकून एक जुडी उचलली आणि बायांमधून वाट काढत मागे गेली. "गंगे," ती म्हणाली, "धर."

गंगाने जुडी घेतली. लगेच उतरली नाही. जुडी हातात धरून माझ्यासमोर आली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"बाय," ती म्हणाली, "माका वायट ठरवूक तुका एक वाक्य पुरला. बरी ठरवूक वरीस लागला, चाळीस-चाळीस रोपां मोजूची लागली, आणि आज दीड तास घसो फोडूचो लागलो."

तिने साडी वर खोचली, चिखलात उतरली, आणि पहिली मूठ लावली.